गावातला व्यायामगट: मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्यांसाठी तो कसा सुरू करावा आणि कसा टिकवावा

विदर्भातल्या कोणत्याही गावात मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्यांसाठी व्यायामाचा गट काढायचा म्हटले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: जो माणूस दिवसभर वावरात राबतो, त्याला आणखी व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे आणि गट सुरू करणाऱ्याजवळ त्याचे उत्तर तयार असले पाहिजे. एक तर वर्षानुवर्षे गोळ्या घेणारी माणसे बहुधा वावरात जातच नाहीत. गोळ्यांची गुंगी, घरच्यांना वाटणारी विहिरीची आणि फवारणीच्या औषधाची भीती, आणि याला कामावर नेले तर काय करील सांगता येत नाही हा मजूर गोळा करणाऱ्याचा संशय, या तिन्हींमुळे असा माणूस हळूहळू ओसरीवरच्या बाजेला खिळतो. दुसरे असे, की उक्त्याने घेतलेले निंदण पुरे करताना शरीर थकते खरे, पण त्या श्रमाची वेळ, गती आणि थांबण्याची जागा दुसऱ्याने ठरवलेली असते आणि त्यात पैशाचा घोर मिसळलेला असतो. मोकळ्या वेळात, आपल्या मर्जीने केलेल्या हालचालीचा मनावर जो चांगला परिणाम अभ्यासांत दिसतो, तो पोटासाठी केलेल्या श्रमात तसा दिसत नाही.

हे मार्गदर्शन आशा, समुदाय आरोग्य अधिकारी, समुपदेशक, शाळेतले क्रीडाशिक्षक आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासाठी आहे. मी स्वतः खेड्यांत असे गट चालवले आहेत. त्यांतले काही टिकले, काही महिन्याभरात मोडले. मोडलेल्या गटांकडे पाहून माझे मत असे बनले आहे, की गटातला व्यायाम कोणता हा दुय्यम प्रश्न आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी आपली कोणीतरी वाट पाहते, आणि आपण गेलो नाही तर ते कोणाच्या तरी लक्षात येते, हा त्या उपचाराचा खरा घटक आहे. पुढची सारी मांडणी याच समजुतीवर उभी आहे.

याला उपचार का म्हणायचे

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पन्नाशी ओलांडलेल्या आणि तीव्र नैराश्य असलेल्या १५६ जणांवर एक अभ्यास झाला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना गटात व्यायाम, काहींना सर्ट्रालिन हे औषध आणि काहींना दोन्ही दिले गेले. औषधाचा गुण आधी दिसू लागला, परंतु १६ आठवड्यांच्या शेवटी तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी होती. २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने २१८ चाचण्यांचा आणि १४,१७० सहभागींचा एकत्रित आढावा छापला. त्यात चालणे किंवा हळू धावणे, योग आणि ताकदीचे व्यायाम हे नैराश्यात विशेष उपयोगी ठरलेले दिसतात. अमेरिकेतीलच व्हरमाँट विद्यापीठाच्या रुग्णालयात मनोविकार विभागातच व्यायामशाळा उभारून सुमारे १०० दाखल रुग्णांना तासाभराची सत्रे दिली गेली आणि त्यांच्यापैकी ९५ टक्क्यांनी आपली मनःस्थिती सुधारल्याचे सांगितले. हा आकडा रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेला आहे, त्यामुळे तो जपून वापरावा. पण दाखल असलेली, अस्वस्थ माणसेही व्यायामाला येतात आणि त्यांना तो हवासा वाटतो, एवढे त्यातून नक्की कळते.

स्किझोफ्रेनियासारख्या आजारात अपेक्षा वेगळी ठेवावी. कानात येणारे आवाज व्यायामाने थांबतील असे कोणालाही सांगू नये. निरुत्साह, माणसे टाळणे आणि एका जागी बसून राहणे यांत फरक पडतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शरीर सावरते. तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे लवकर जातात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांतील बहुतेक मृत्यूंमागे हृदयविकार, मधुमेह यांसारखे शारीरिक आजार असतात. ज्याच्या वागण्याकडेच सगळ्यांचे लक्ष असते, त्याची साखर कोणी मोजत नाही.

गावपातळीवरचा कार्यकर्ता हे काम पेलू शकतो का, अशी शंका असेल तर अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत झालेल्या ‘विश्राम’ या उपक्रमाकडे पाहावे. तो व्यायामाचा उपक्रम नव्हता. गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते आणि समुपदेशक यांच्यामार्फत मानसिक आरोग्यसेवा लोकांपर्यंत नेणे हा त्याचा गाभा होता. तेथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावातल्या माणसाच्या शब्दावर लोक येतात, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

डॉक्टरांना काय विचारून घ्यावे

गटात येणाऱ्या प्रत्येकाबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा होकार कागदावर घ्यावा आणि गोळ्यांची नावे आपल्या वहीत उतरवून ठेवावीत. रक्तदाब बसलेला असताना आणि उभा राहिल्यावर असा दोनदा मोजावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर त्या व्यक्तीला वाकून झटकन उठण्याचे प्रकार देऊ नयेत, म्हणजे सूर्यनमस्कारही नकोत. वजन, कंबरेचा घेर आणि साखर यांची पहिली नोंद याच वेळी व्हावी. छातीत दुखणे, दम लागणे, गरोदरपण आणि फिट येण्याचा इतिहास हे प्रश्न विसरू नयेत. आपल्याकडे मिरगीचे अनेक रुग्ण मानसोपचाराच्याच ओपीडीतून औषध घेतात. गटात असे कोणी असेल तर चालण्याची वाट कठडा नसलेल्या विहिरीजवळून किंवा कालव्याच्या काठाने काढू नये.

विदर्भापुरती आणखी एक चौकशी आवश्यक आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला अतिश्रम, पाण्याची कमतरता, फार उष्णता किंवा कडाक्याची थंडी यांमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्यावी. रुग्णाला गटात घ्यावे, पण अगदी संथ गतीने आणि दर दहा मिनिटांनी पाणी देऊन.

ऊन आणि गोळ्या

या विषयावर मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली. एप्रिलमधल्या एका सकाळी आठ वाजता आम्ही शाळेच्या मैदानावर गट घेतला. सगळे घामाघूम झाले होते आणि एक गृहस्थ मात्र कोरडे ठणठणीत होते. त्यांची प्रकृती चांगली आहे असे समजून मी त्यांना आणखी एक फेरी मारायला लावली. पाच मिनिटांनी ते तोंड लाल होऊन खाली बसले. ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी ते घेत होते आणि तिने घाम कमी होतो, हे मला माहीत होते. पण त्या क्षणी मला त्याची आठवण झाली नाही. त्यांना सावलीत निजवून, ओल्या कपड्याने अंग पुसून, वारा घालून ते सावरले. तेव्हापासून ज्याला घाम येत नाही त्याच्याकडे मी सर्वांत आधी पाहतो.

हातापायांचा कंप आणि ताठरपणा कमी करण्यासाठी ही गोळी सर्रास दिली जाते, म्हणून गटात ती घेणारे दोन-तीन जण असणारच. क्लोरप्रोमाझिन, ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या भास-संशयावरच्या औषधांनीही शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्ती कमी होऊ शकते आणि उठताना भोवळ येते. मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरण्यासाठी दिले जाणारे लिथियम घेणाऱ्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. घामावाटे पाणी आणि मीठ गेले, की रक्तातले लिथियम वाढून विषबाधेच्या पातळीला जाऊ शकते. म्हणून त्यांनी तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, जेवणातले मीठ आपल्या मनाने एकदम तोडू नये, आणि उलट्या, जुलाब, हातांचा जोराचा कंप, अडखळते बोलणे किंवा झोकांड्या दिसल्या तर पुढची गोळी घेण्याआधी रुग्णालय गाठावे. उपवासाच्या दिवशी, विशेषतः निर्जळी असेल तर, त्यांना केवळ बसून गप्पांपुरते बोलवावे.

ताप चढला आहे, अंग लाकडासारखे ताठ झाले आहे आणि माणूस बरळतो आहे, असे दिसले तर ऊन लागले की औषधाचा दुष्परिणाम, हा निवाडा गावात करत बसू नये. १०८ ला फोन करावा आणि वाहन येईपर्यंत अंग थंड करत राहावे. कांदा चोळण्यात वेळ घालवू नये.

प्रोप्रॅनोलॉल ही छातीची धडधड आणि कंप कमी करणारी गोळी घेणाऱ्याची नाडी व्यायामानेही फारशी वाढत नाही, त्यामुळे नाडी मोजून जोर ठरवण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही. सोपी कसोटी अशी, की चालता चालता बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. बोलणेही तुटत असेल तर गती कमी करावी. आमच्या गटात एक आजी चालताना भजन सुरू करत आणि ते पूर्ण होऊ लागले, की सगळे आपोआप पावले उचलत. यापेक्षा चांगले यंत्र मला सापडलेले नाही.

वेळ आणि जागा

व्यायाम पहाटेच करावा हा आपल्याकडचा पक्का समज आहे आणि उपचारावर असलेल्यांच्या बाबतीत तो बऱ्याचदा नडतो. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी सकाळी आठ-नऊपर्यंत राहते; अशा माणसाला साडेपाचला उठवले, की तो दोन दिवस येतो आणि तिसऱ्या दिवशी आळशी ठरतो. हिवाळ्यात आणि पावसाळ्यात संध्याकाळी साडेचार-पाचची वेळ धरावी. मात्र कापूस वेचायला गेलेल्या बाया दिवेलागणीलाच परततात आणि लगेच चुलीशी बसतात, त्यामुळे बायांचा गट निराळा करून त्यांनाच वेळ विचारावी. एका गावात त्यांनी रात्री जेवणानंतरची वेळ मागितली आणि तीच टिकली. उन्हाळ्यात, विशेषतः नवतप्यात, पारा ४५ अंशांपुढे जातो आणि सूर्य मावळल्यावरही जमिनीतून झळा येत राहतात. त्या दिवसांत मैदान सोडावे आणि समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या खोलीत, पंख्याखाली, बसून करण्याचे हलके प्रकार वीस मिनिटे घ्यावेत. दवाखान्याच्या आवारात शक्यतो गट घेऊ नये. तेथे सगळे पुन्हा रुग्ण होतात.

कोणाला घ्यावे

आठ ते बारा जण पुरेत, आणि सोबत चालवणारे दोघे. ते सगळे उपचारावरचेच असू नयेत. साखर किंवा रक्तदाब असलेले शेजारी, रुग्णांचे नातेवाईक, एखादे निवृत्त गुरुजी यांना आग्रहाने घ्यावे, म्हणजे गावाच्या तोंडी तो ‘येड्यांचा गट’ होत नाही. नाव साधे ठेवावे. आमच्या एका गटाला लोक ‘फिरायची मंडळी’ म्हणत आणि आम्ही नोंदवहीवरही तेच नाव टाकले. कोणाला कोणता आजार आहे हे गटात उच्चारू नये. ही केवळ सभ्यता नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. वरच्या कार्यालयाला फोटो हवा असतो, तेव्हा पाठमोरा काढावा किंवा नुसत्या चपलांचा काढावा. चेहऱ्यांचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर गेला म्हणून एक सून पुन्हा कधीच आली नाही.

येणे हे स्वेच्छेचे असावे. घरच्यांनी हाताला धरून ओढत आणलेल्या माणसाला पहिल्या दिवशी व्यायाम करायला लावू नये. त्याला बसायला जागा आणि पाणी द्यावे आणि घरच्यांना बाजूला घेऊन समजावावे. सध्या अतिउत्साहाच्या झटक्यात (मेनियात) असलेला, जेवणपाणी सोडलेला किंवा जीव देण्याची भाषा करणारा माणूस आधी डॉक्टरांकडे गेला पाहिजे. असे बोलणे गटात कानावर आले तर त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशकाचे डबे कुलपात टाकायला लावावेत आणि १४४१६ या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या मोफत क्रमांकावर त्याच्यासोबत बसून बोलावे.

प्रत्यक्ष सत्र

पहिले दोन आठवडे पंधरा मिनिटांहून अधिक काही करू नये. लोक नंतर आणखी मागतात, तेव्हा वाढवावे. आठवड्यातून तीन दिवस ठेवून दोन-तीन महिन्यांत पाऊण तासापर्यंत जावे. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटांची आहे. तिथवर सगळे पोहोचणार नाहीत आणि पोहोचले नाहीत म्हणून काही बिघडत नाही.

आल्यावर पाच मिनिटे नुसती विचारपूस: झोप लागली का, गोळ्या संपल्या का, सकाळी काय खाल्ले. मग गोल करून मान, खांदे, कंबर, घोटे हळूहळू मोकळे करावेत. सांगणाऱ्याने सर्वांना दिसेल असे उभे राहावे. कोणाच्याही पाठीमागून जाऊ नये, न विचारता हात लावून अंग सरळ करू नये आणि शिट्टी वाजवू नये, कारण ज्याच्या मनात संशय घर करून आहे त्याला या तिन्ही गोष्टी भिववतात. सूचना एका वेळी एकच आणि करून दाखवत द्यावी. त्यानंतर पांदण रस्त्याने वीस मिनिटे जोडीजोडीने चालावे. जोड्या दर आठवड्याला बदलाव्यात. परतल्यावर ताकदीचे दोन-तीन प्रकार घ्यावेत: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, भिंतीला हात लावून रेटणे, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणे. शेवटी पाच मिनिटे संथ श्वास, डोळे उघडे ठेवून. कपालभाती, भस्त्रिका असे वेगाचे प्रकार आणि लांबलचक ध्यान, भास होणाऱ्यांना किंवा अतिउत्साहाचा आजार असणाऱ्यांना देऊ नये.

चालणे कंटाळवाणे झाले, की लेझीम काढावी. तिच्यात ताल आहे, गट आहे आणि चुकले तरी ते ताशाच्या आवाजात झाकले जाते. भाद्रपद-आश्विनात बायांच्या गटात भुलाबाईची गाणी आणि फुगडी आपसूक येते. मात्र भोवळ येणारीला फुगडीत ओढू नये. गडचिरोलीकडच्या गावांत रेला, यवतमाळच्या कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) ढेमसा हे गटाने करायचे नाच आहेतच, तेथे बाहेरून कवायत नेण्याची गरज नाही. अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, त्यामुळे व्यायाम हा शब्द वऱ्हाडाला नवा नाही. पण तो ऐकताच लोकांच्या डोळ्यांपुढे मल्लखांबावरचा तरुण येतो आणि वजन वाढलेली, थरथरत्या हातांची बाई मागे सरकते. म्हणून बोलावताना मी व्यायाम म्हणत नाही, फिरायला चला म्हणतो. कबड्डीसारखे हारजितीचे खेळही टाळतो.

काही जण एका जागी उभे राहूच शकत नाहीत, सतत पाय बदलतात, येरझारा घालतात. तो चळ किंवा खोडी नाही. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारख्या गोळ्यांनी अशी तगमग होऊ शकते. त्यांना रागावू नये, रांगेच्या कडेने चालू द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. कोणी महिनाभर कुंपणाशी उभे राहून नुसते पाहत असेल तर त्याचीही हजेरी मांडावी. गोळी बंद करावी का, असे बरे वाटू लागलेला माणूस हमखास विचारतो. उत्तर नेहमी एकच: ते डॉक्टर ठरवतील, आणि तोवर एकही गोळी चुकवायची नाही.

न आलेल्याची चौकशी

सलग दोनदा कोणी आले नाही, तर तिसऱ्या दिवसाआधी घरी जावे. हातात वही नको आणि तोंडी जाब नको. चहा प्यावा, बरे आहे ना एवढे विचारावे. जाणारा शक्यतो गटातलाच सोबती असावा. बहुतेक वेळा कारण साधे असते: पाहुणे, सोंगणी, चप्पल तुटलेली. पण झोप उडणे, अंघोळ टाळणे, गोळ्या संपूनही ग्रामीण रुग्णालयात न जाणे, महिन्याच्या इंजेक्शनची तारीख हुकणे, ही आजार उलटण्याची पहिली चिन्हे गैरहजेरीतूनच कळतात, आणि ती आठवडाभर आधी कळली तर पुष्कळदा नागपूरच्या मनोरुग्णालयापर्यंतची फेरी वाचते.

नोंदी थोड्याच ठेवाव्यात. हजेरी, महिन्यातून एकदा वजन आणि कंबर, नैराश्य असलेल्यांसाठी नऊ प्रश्नांची मराठी प्रश्नावली, आणि एक मोकळी ओळ, जिच्यात त्या महिन्यात नव्याने काय केले ते लिहावे: बाजाराला एकटी गेली, बैल धुतले, ग्रामसभेत बसला. डॉक्टर वजनाचा आकडा पाहतात. घरचे ती ओळ वाचायला मागतात.

पेरणीच्या दिवसांत गट मोडतो. पहिला पाऊस पडला, की उपचारावर असलेल्यालाही बियाण्याची पिशवी धरायला घरी हवे असते, आणि तसे कोणी त्याला हवेसे म्हणत असेल तर गटाने आनंदाने बाजूला व्हावे. त्या काळात आठवड्यातून एकच दिवस, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, पारावर भेटावे. व्यायाम झाला नाही तरी चालेल. पुन्हा सुरू करण्याची तारीख मात्र पावसाआधीच सर्वांसमोर ठरवून समाजमंदिराच्या फळ्यावर लिहून ठेवावी. आम्ही ती पोळ्यानंतरचा पहिला सोमवार अशी ठेवतो, आणि आदल्या दिवशी दोघे जण घरोघरी आठवण करून येतात.